आईचा बारका नियम

रविवार, ६ जुलै २०२५, आष्टा

ही डायरी साखर कारखान्याची आहे. पहिल्या चार पानांवर संचालक मंडळाचे फोटो, मग उसाच्या जाती, मग कोरी पानं. माझ्या दोस्तानं, शिवतेजनं, जानेवारीत दिली होती. सहा महिने ती चार्जर ठेवायला वापरली. आज पहिल्यांदा उघडतोय, कारण आज मी एक ठरवलंय आणि ते कागदावर उतरल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आज साडेचारला आई मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी घसरून पडली. मी पुढच्या खोलीत होतो. मध्ये फक्त स्वयंपाकघर. कानात हेडफोन, गेम अगदी शेवटच्या टप्प्यात, मैदानात फक्त सातजण उरलेले. आईनं हाका मारल्या. त्या मला ऐकू आल्या नाहीत, मागच्या गल्लीतल्या अंबूबाईला आल्या. ती भिंतीला वळसा घालून आली, आईला उठवून बसवलं आणि मग पुढं येऊन माझ्या कानावरचा हेडफोन ओढला. म्हणाली, "आवं इंजिनेर, आय पडलीया तुमची!"

मनगटाला चीर गेलीय. सहा आठवडे प्लॅस्टर. दवाखान्यातून येताना रिक्षात आई एवढंच म्हणाली, "अठरा हाका मारल्या रं. मोजल्या मी." त्यात राग नव्हता, म्हणूनच मला जास्त लागलं.

तर ठरवलंय ते असं. मी आर्जव भूपाल चौगुले, वय चोवीस, कॉम्प्युटर इंजिनियर, दोन वर्षं घरी, वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, खत-औषधांच्या दुकानात नावाला बसतो, रोजचा स्क्रीन टाइम अकरा तास चाळीस मिनिटं. आजपासून हे बंद! गेम आत्ताच काढून टाकला. आई पुन्हा माझ्याकडं बघून समाधानानं हसली पाहिजे, बाकी काही नको.

बुधवार, ९ जुलै

भन्नाट दिवस! भन्नाट!

आजपासून चातुर्मास. मुनिमहाराजांचा मुक्काम यंदा आमच्याच गावात आहे, त्यामुळं बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पाय ठेवायला जागा नव्हती. प्रवचनानंतर लोक एकेक करून नियम घ्यायला उठले. कुणी चार महिने चहा सोडला, कुणी बाहेरचं खाणं, कुणी गादीवर झोपणं. आणि बसल्या बसल्या माझ्या डोक्यात ट्यूबलाइट पेटली. आम्ही दिवस मावळल्यावर जेवत नाही. लहानपणापासून नाही. त्याचा कधी त्रास वाटत नाही, कारण तो प्रश्नच संपलेला असतो. मग मोबाईलचंही तसंच केलं तर? सूर्यास्त झाला की मोबाईल बंद, तो थेट सूर्योदयाला चालू!

मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर हा नियम मागितला. बायकांच्या बाजूनं हसू आलं. महाराजही हसले, पण मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला. बाहेर येईपर्यंत चार पोरांनी माझी पाठ थोपटली.

आईनंही काहीतरी नियम घेतला. महाराज म्हणाले होते, ज्यांना मनात घ्यायचा त्यांनी मनात घ्यावा. ती प्लॅस्टरचा हात छातीशी धरून, डोळे मिटून बराच वेळ उभी होती. घरी येताना विचारलं, तर म्हणाली, "हाय एक बारका." मी पुढं विचारणार होतो, पण सूर्यास्ताला पस्तीस मिनिटंच उरली होती आणि शिवतेजला फोन करून हे सगळं सांगायचं होतं.

शनिवार, १२ जुलै

चौथा दिवस. जमतंय! संध्याकाळी सात वाजून सहा मिनिटांनी मोबाईल पत्र्याच्या डब्यात जातो आणि डबा देवघराखालच्या फळीवर. मात्र साडेपाचपासून माझी जी घाई सुरू होते, ती बघण्यासारखी असते. पावसाळ्यात ढग भरून आले की अक्का-काक्या कशा भराभर चपात्या लाटतात, दिवस मावळायच्या आत सगळ्यांची पोटं भरली पाहिजेत म्हणून, तसं माझं. रील, मेसेज, क्रिकेट, बातम्या, सगळं गपागप. शेवटची दहा मिनिटं तर मी उभ्यानंच बघतो.

आज आमटी इतकी खारट होती की डोळ्यात पाणी आलं. मी आईला चिडवलं, "काय गं, एका हातानं करतीस म्हणून मीठ दोन हातांचं घातलंस व्हय?" आई कसनुशी हसली. म्हणाली, "चाखायचं राह्यलं बाबा." अण्णा एकदम खेकसले, "गप जेव की रं!" अण्णा कधी जेवताना आवाज चढवत नाहीत. दुकानात युरिया संपलाय, त्याची काळजी असणार.

बुधवार, १६ जुलै

ग्रुप काढला! नाव, 'दिवस मावळला'. सूर्यास्ताच्या आधी प्रत्येकानं डब्यात ठेवलेल्या मोबाईलचा फोटो टाकायचा. शिवतेजनं बरोबर विचारलं, "डब्यात ठेवल्याल्या मोबाईलचा फोटो कशानं काढायचा रं?" त्यावर अर्धा तास चर्चा होऊन असं ठरलं की डब्याच्या तोंडाशी मोबाईल धरून रिकाम्या डब्याचा फोटो काढायचा आणि मग मोबाईल आत टाकायचा. विश्वासावर.

शिवतेज इस्लामपूरचा, डिप्लोमापासूनचा माझा दोस्त. तो म्हणाला, "आमच्यात रात्रीचंच जेवत्यात गड्या, पर मोबाईलचं बघतो सोडून." ओळखीची प्रांजल पण ग्रुपवर आली. ती सांगलीला एमए करते, विषय मानसशास्त्र, आणि तिच्या रील बघणारे लोक बरेच असतात. तिनं माझी मुलाखत घेतली, डब्यासकट. पहिल्या दिवशी सव्वीस सभासद!

आईला धावत जाऊन सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "बरं केलंस. जेव, गरम हाय."

शुक्रवार, २५ जुलै

प्रांजलच्या रीलला एक लाख तीस हजार! लोक विचारतायत, हा डबेवाला कोण? ग्रुपवर दोनशे चौदा जण झाले. तासगाव, पलूस, कराड, अगदी महाबळेश्वरचा एक टॅक्सीवाला पोरगा, तो म्हणतो इथं धुक्यात सूर्य दिसतच नाही, मावळला कधी समजायचं? मी त्याला सांगलीचं वेळापत्रक पाठवलं.

हल्ली मी पाचलाच उठतो. आई म्हणते, लवकर उठतोस हे बरं. ओट्यावर बसून सूर्य उगवायची वाट बघतो, हातात डबा. सहा वाजून अकरा मिनिटांनी झाकण उघडलं की पन्नास-साठ मेसेज एकदम पडतात. त्या आवाजानं अंगावर काटा येतो. आनंदाचा, अर्थात.

घरात एक नवीनच टूम निघालीय. आई वाढायच्या आधी माझ्यापुढं चमचा धरते, "मीठ बघ रं." मी मोबाईलवरून नजर न काढता तोंड उघडतो आणि मान हलवतो. पूर्वी ती स्वतःच चाखायची. मी म्हटलं, "मला काय मास्टरशेफ केलंस काय?" अण्णांनी पाण्याचा तांब्या जरा आपटलाच.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखी. भाग्यश्रीताई सांगलीहून आली. तिनं आणलेल्या भडंगाचा पुडा आईपुढं ठेवला. आईला भडंग म्हणजे जीव की प्राण, पूर्वी पुडा फोडायच्या आधी वास घ्यायची. आज म्हणाली, "तुमी खावा, मला नगं, पोट जड हाय." एक शेंगदाणासुद्धा तोंडात टाकला नाही.

मग स्वयंपाकघरात मायलेकींचं काहीतरी वाजलं. ताईचा आवाज चढला होता. "किती दिवस असं, आई? त्याला कोणतरी सांगाय पायजे का नगं?" आणि आई म्हणाली, "खबरदार सांगशील तर. माझी शपथ हाय तुला." प्लॅस्टरबद्दल असणार. हात लवकर बरा होत नाही हे मला सांगत नसतील, मला अपराधी वाटेल म्हणून. चांगली माणसं आहेत.

ताई बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. राखी बांधताना प्रांजलसाठी व्हिडिओ करत होतो, 'भावाकडून ओवाळणीत डबा' अशी कल्पना होती. ताईनं कॅमेऱ्यात बघायला नकार दिला. म्हणाली, "मला बघ की कवातरी, आरज्या." मूड नव्हता तिचा. व्हिडिओ तरी बरा झाला.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

आज मी वक्ता झालो! इस्लामपूरला एका कॉलेजात झेंडावंदनानंतर माझं भाषण. दोनशे पोरं, मागं बॅनर, त्यावर माझा फोटो. मी सांगितलं, आपल्या घरातली माणसं आपल्याला हाका मारत असतात आणि आपण ऐकत नाही. अठरा हाकांची गोष्ट सांगितली तेव्हा पुढच्या रांगेतली एक मुलगी रडली. शाल, श्रीफळ, टाळ्या. शिवतेज म्हणाला, "लय भारी बोललास रं."

घरी आलो तर आई पलंगावर पडलेली. सकाळी तिला चक्कर आली, पोटऱ्यांत गोळे आले, अण्णांनी दवाखान्यात नेलं होतं. मला फोन केला नाही, भाषण होतं म्हणून. डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी घ्यायला सांगितलंय. अण्णांनी केलेला पेला तसाच उशाला होता. मी म्हटलं, "पी की गं." ती म्हणाली, "पितो सावकाश. तू सांग, कसं झालं भाषण?"

मी सगळं सांगितलं. मग माझी शाल तिच्या खांद्यावर घातली, तिच्याशेजारी बसलो आणि फोटो काढला. खाली लिहिलं, 'माझी प्रेरणा'. सूर्यास्तापर्यंत चार हजार लाइक! फोटोत तिचे डोळे मिटलेत, पण लोकांना ते फार आवडलंय, शांत वाटतं म्हणे.

अण्णा दारात उभे होते. म्हणाले, "झाला फोटू?" आणि निघून गेले.

पेला संध्याकाळीही भरलेलाच होता. मुंग्या लागल्या होत्या.

बुधवार, २७ ऑगस्ट

बारा दिवस काही लिहिलं नाही. ग्रुप सहाशेच्या वर गेलाय. आईचं प्लॅस्टर निघालंय. गणपती बसले. सगळं छान असायला हवं.

आज शिवतेज आला होता. दुकानात बसून त्यानं माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि तो स्क्रीन टाइमचा आकडा उघडला. दहा तास पन्नास मिनिटं. मी म्हटलं, चूक आहे. त्यानं सबंध आठवडा दाखवला. एक दिवस तर बारा तास! सूर्योदय ते सूर्यास्त, जवळजवळ अखंड.

"गड्या," तो म्हणाला, "तू रातचं सोडलंस आन् दिवसाचं दुप्पट खायाला लागलास. आन् त्ये बी लोकांला सांगत सांगत."

मी त्याच्यावर लय भडकलो. चळवळीचं काम मोबाईलशिवाय कसं होणार, असं काहीबाही बोललो. तो शांतपणे म्हणाला, "मी गेल्या आठवड्यापास्नं ग्रुप सोडलाय. तुला कळलं न्हाई." खरंच कळलं नव्हतं.

तो गेल्यावर दुकानात बसवेना. सहाशे लोकांना मी काय शिकवतोय? लाज वाटली. आणि खरं सांगतो, लाज वाटत असतानाच या लाजेवर एक चांगली रील होईल असं मनात आलं. तेव्हा मात्र घाबरलो.

उद्यापासून पर्युषण, दहा दिवस, रोजचा दिवस एकेका गुणाच्या नावाचा. ठरवलं. दहा दिवस मोबाईल पूर्ण बंद, दिवसासुद्धा. ग्रुपवर न सांगता. अण्णांना मोबाईल दिला, त्यांनी बियाण्यांच्या कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. रात्रीपुरता तरी त्यांचा चेहरा सैल पडला होता.

गुरुवार, २८ ऑगस्ट. उत्तम क्षमा

भयंकर. अंगठा आपोआप हलतो. तीनदा खिसा चाचपला, एकदा शेजाऱ्याचा मोबाईल वाजला तर मी उभा राहिलो.

शुक्रवार, २९ ऑगस्ट. उत्तम मार्दव

अजून भयंकर. पण दुकानात एका शेतकऱ्याशी वीस मिनिटं उसाच्या हुमणी किडीबद्दल बोललो. अण्णा औषधाची बाटली पुसत पुसत ऐकत होते. ती एकच बाटली किती वेळ पुसत होते!

शनिवार, ३० ऑगस्ट. उत्तम आर्जव

माझ्या नावाचा दिवस. प्रवचनात आर्जव म्हणजे सरळपणा, मनात एक आणि बाहेर एक असं नसणं, यावर तासभर ऐकलं. बायका माझ्याकडं बघून हसत होत्या. मला वाटलं आज काहीतरी घडेल. काही घडलं नाही. दुपारी झोपलो.

रविवार, ३१ ऑगस्ट

आमच्या गल्लीत तीन घरांनी महाराजांच्या आहारासाठी चौका, म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाक, लावलाय. मी आईबरोबर बघायला उभा राहिलो. महाराज सकाळी निघताना मनात एक अट धरतात, त्याला विधी म्हणतात. तसं दृश्य ज्या दारात दिसेल तिथंच आहार, नाही दिसलं तर उपाशीच परत. कुणाला सांगत नाहीत. म्हणून कुणी नारळ घेऊन उभं, कुणी दोन कलश, कुणी जोडीनं. मी हे लहानपणापासून बघतोय, पण आज पहिल्यांदा धडधड झाली. पहिलं दार गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या दारात एका म्हातारीच्या हातात लिंबू होतं, तिथं महाराज थांबले! सगळी गल्ली ओरडली. मी तर उडीच मारली.

परत येताना मी म्हटलं, "पर आई, आधीच सांगितलं तर बरं की. लोक लगेच तसं करतील. उपाशी तरी जायला लागणार न्हाई."

आई चालायची थांबली. म्हणाली, "सांगून केलं तर त्यात बघनं कुठं आलं रं?"

सोमवार, १ सप्टेंबर

आज अक्षर कसंही येईल.

पर्युषणात आई एकदाच जेवते, दुपारी. मला कुठं जायचं नव्हतं, हातात काही नव्हतं, म्हणून स्वयंपाकघरात पाटावर बसलो होतो. आई आमटीला फोडणी देत होती. उकळी आल्यावर तिनं डावानं थोडी आमटी एका वाटीत काढली, वाटी बाजूला झाकून ठेवली. मग मिठाचा डबा उघडून पातेल्यात मीठ टाकलं आणि माझ्यापुढं चमचा धरला, "मीठ बघ रं."

मी चमचा घेतला नाही. मी वाटीकडं बघत होतो.

"आई, ती वाटी मीठ टाकायच्या आधी का काढलीस?"

तिचा हात तसाच राहिला. "कुठली वाटी?"

मी उठून झाकण काढलं आणि बोट बुडवून चाखलं. अळणी. भाताचा वेगळा डबा उघडला. अळणी. भाजीची छोटी वाटी. अळणी. मी आत पळालो आणि ही डायरी उघडली.

सगळं इथंच आहे. माझ्याच अक्षरात. बारा जुलै, खारट आमटी, 'चाखायचं राह्यलं'. पंचवीस जुलै, चमचा. नऊ ऑगस्ट, भडंग. पंधरा ऑगस्ट, तो पेला. आणि नऊ जुलै, 'हाय एक बारका'. मी सगळं लिहून ठेवलं आणि काही म्हणजे काही बघितलं नाही. मुंग्यासुद्धा लिहिल्यात मी!

परत आलो तर आई तशीच उभी. मी म्हटलं, "नऊ जुलैपास्नं. पंचावन्न दिवस. तू मीठ सोडलंयस."

आईनं पदर तोंडाला लावला आणि खाली बसली. हसत होती की रडत होती कळेना, दोन्ही होतं. "मिळाला," म्हणाली. "विधी मिळाला माझा."

तिचा नियम असा होता. ज्या दिवशी आर्जव आपणहून माझ्या ताटाकडं बघून विचारील, त्या दिवशी मीठ घ्यायचं. कुणी त्याला सांगायचं नाही. अण्णांनी त्या खारट आमटीच्या दिवशीच ओळखलं होतं, ताईनं राखीला. दोघांची तोंडं तिनं शपथ घालून बंद केली होती.

"आन् मी चार महिने इचारलंच नसतं तर?"

"तर चार म्हैनं."

"आन् मग?"

"मग काय. परत घ्यायचा."

इतक्या सहज म्हणाली की मला हुंदका आला. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो, चोवीस वर्षांचा घोडा. ती केसांतून हात फिरवत होती, तोच हात, मनगट अजून जरा वाकडं आहे. मग मला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. हात खिशात गेला. खिसा रिकामा. मागच्या दारी जाऊन भिंतीवरून ओरडलो, "अंबूबाई! आई आज मीठ खाणार हाय!" ती म्हणाली, "आवं मग खाऊ दे की, वरडतासा कशाला?"

अण्णांना दुकानातून बोलावलं. ते आले, दारात चप्पल काढता काढता आईकडं बघितलं आणि काय ते समजले. कमरेची किल्ली काढून माझ्यापुढं धरली. मी म्हटलं, "असू दे तुमच्याकडंच." नियमाचे पाच दिवस अजून बाकी आहेत आणि त्यानंतरचंही मला आज ठरवायचं नाही. मी फार ठरवतो.

मग आई ताटावर बसली आणि म्हणाली, "वाढ."

मी मिठाचा डबा घेतला. तिच्या आमटीत घालताना पंचावन्न दिवसांचं एकदम घालतोय की काय असं झालं, चिमटीऐवजी मूठच पडली असावी. तिनं भात कालवला, पहिला घास घेतला, डोळे मिटले. आम्ही दोघं बघत होतो.

"बरोबर हाय," ती म्हणाली.

नंतर मी वाटीच्या तळाला राहिलेलं चाटून बघितलं. खारट होतं, लय खारट. तिनं सगळं संपवलं होतं.